हरकतींच्या मुदतीची वाट पाहू नका: सांगलीच्या विकास आराखड्यात लोकांचं म्हणणं कसं उतरेल

सांगलीतल्या एका सखल उपनगरात राहणाऱ्या ताईंचा प्रश्न असा आहे: शहराचा विकास आराखडा सुधारण्याचं काम पुढेमागे निघणारच. मागच्या वेळी त्यांच्या कॉलनीने दोनशे सह्यांचा अर्ज दिला, सुनावणीलाही माणसं गेली, पण नकाशावरची रेघ जागची हलली नाही. या वेळी लोकांचं म्हणणं खरोखर आराखड्यात उतरावं यासाठी काय करायचं, आणि कधी करायचं?

ताई, तुमच्या प्रश्नातला ‘कधी’ हाच कळीचा शब्द आहे. मी एकतीस वर्षं नगररचनेच्या कामात काढली, त्यातली बरीचशी विकास योजनांच्या नकाशांवर. सुनावणीच्या टेबलापलीकडे बसलो आहे, पोत्यांनी अर्ज वाचले आहेत. त्यावरून सांगतो, तुमच्या अर्जात खोट नव्हती. तो उशिरा आला होता, कारण तुम्हाला हाकच उशिरा मारली गेली.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे लागू असलेली विकास योजना, म्हणजेच आपला विकास आराखडा, वीस वर्षांत एकदा तरी सुधारावी लागते. हे कलम ३८. महापालिका आधी कलम २३ खाली योजना सुधारण्याचा इरादा जाहीर करते. तिथून सहा महिन्यांत, कलम २५ प्रमाणे, शहराची पाहणी करून ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ तयार व्हायचा असतो. मुदतवाढ मिळते आणि बहुतेक वेळा ती घेतली जाते. मग त्या नकाशावर पुढच्या वीस वर्षांचे रस्ते, शाळा, बागा, मंडया, झोन चढतात आणि कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते. तिथे हरकती-सूचना मागवतात. छोट्या शहरांत बहुधा तीस दिवस मिळतात, पण नेमकी मुदत सूचनेत वाचूनच धरा. पुढे कलम २८ ची नियोजन समिती सुनावणी घेते आणि योजना मंजुरीला शासनाकडे जाते.

लोक जागे होतात ते प्रारूप वर्तमानपत्रात झळकलं की. तोवर काय झालेलं असतं ते समजून घ्या. समजा अठरा मीटरचा एक रस्ता तुमच्या कॉलनीच्या कडेने आखला आहे. तो चाळीस गटांतून जातो. तुम्ही म्हणता, पन्नास मीटर पलीकडे सरकवा. मागणी रास्त असेलही. पण सरकवला की तो दुसऱ्या चाळीस गटांवर पडतो, आणि त्या मालकांनी प्रारूप पाहून ‘आपण सुटलो’ म्हणून अर्जच दिलेला नसतो. त्यांना न विचारता त्यांच्या जमिनीवर रेघ ओढायची समितीची तयारी नसते. एक आरक्षण, म्हणजे सार्वजनिक सोयीसाठी राखलेली जागा, उचललं की त्या भागाचा मैदानाचा किंवा शाळेचा हिशेब तुटतो. म्हणजे प्रारूप ही विणून झालेली चटई असते. एक पट्टी ओढली की शेजारच्या चार निसटतात. समितीतली माणसं वाईट नसतात. त्यांच्यापुढे गोष्ट येते तेव्हा तिच्यात हालायला जागा उरलेली नसते.

जागा असते ती आधी. विद्यमान जमीन वापराच्या पाहणीच्या वेळी कागद कोरा असतो, कुणाचं काही गेलेलं नसतं, कुणी कुणाशी भांडत नसतं. आणि नेमकं त्या वेळी बोलवायचं कायद्याने सक्तीचं नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी कुणाला बोलवत नाहीत. म्हणून तुम्ही न बोलावता जायचं.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. नदीकाठच्या एका गावात, नाव घेत नाही, माझ्या पथकाने ही पाहणी एप्रिल-मेमध्ये केली होती. एक चांगला दीड एकराचा तुकडा मोकळा दिसला. नकाशावर ‘रिकामी जागा’ अशी नोंद केली आणि पुढे मी स्वतः त्यावर प्राथमिक शाळेचं आरक्षण टाकलं. सुनावणीला दुसऱ्याच कामासाठी आलेल्या एक म्हातारबाई नकाशाकडे बोट करून म्हणाल्या, “साहेब, तिथं पावसाळाभर आमच्या म्हशी डुंबत्यात.” लेखी अर्ज नव्हता, त्यामुळे इतिवृत्तात काही आलं नाही. शाळा बांधली गेली. पहिल्याच पावसाळ्यात वर्गात गुडघाभर पाणी. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पोरं दोन किलोमीटरवरच्या समाजमंदिरात बसायची. त्या बाईंना जे ठाऊक होतं ते आमच्या एकाही यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि ते कळायला आम्हाला एक दिवस पावसात तिथे जायला हवं होतं. ती शाळा आठवली की आजही मला वाईट वाटतं.

मोठ्या शहरालाही हा धडा महाग पडला आहे. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचं पहिलं प्रारूप २०१५ च्या फेब्रुवारीत आलं आणि त्यातल्या चुकांवरून इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्येच ते मागे घेऊन दुरुस्तीला काढावं लागलं. त्याआधी, विद्यमान जमीन वापराचा नकाशा आला तेव्हाच, नागरिकांच्या गटांनी वॉर्डावॉर्डांत बसून त्यातल्या चुका शोधून दिल्या होत्या. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरीला २०१८ उजाडलं. मुंबईसारखं मनुष्यबळ सांगलीकडे नाही. पण सांगलीकडे असं एक ज्ञान आहे जे मुंबईकडेही नाही, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

सांगलीत कुणालाही विचारा, “तुमच्याकडे पाणी कधी येतं?” तो तारीख सांगत नाही, फूट सांगतो. “आयर्विनला त्रेचाळीस झाले की आमच्या गल्लीच्या तोंडाला, सेहेचाळीसला उंबऱ्याला.” १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलाजवळची पातळी म्हणजे इथल्या माणसाची घरगुती मोजपट्टी आहे. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ ला पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं, २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर, आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा पंचावन्नच्या घरात. प्रत्येक घराला स्वतःचा एक आकडा आहे. हे आकडे कुठल्याच नकाशावर नाहीत. ते लोकांच्या डोक्यात आणि भिंतींवर आहेत.

जलसंपदा विभाग पूररेषा आखतो: निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान पंचेचाळीस सेंटिमीटर वर घ्यायला सांगितलं आहे. या रेषा हव्यातच. पण रेषा नदीचा पूर दाखवते. सांगलीत पाणी पुष्कळदा समोरून येत नाही, पाठीमागून येतं. कृष्णा फुगली की तिला मिळणारे ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे सखल प्रवाह, आणि नाले उलटे भरतात, मग गटारी उलट्या वाहतात, आणि नदी डोळ्यांना दिसतही नाही अशा घराच्या मोरीतून पाणी वर येतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता यांच्याकडे पाणी पहिल्यांदा वळतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यापुढे ते कोणत्या क्रमाने, कोणत्या गल्लीतून, कोणत्या बुजलेल्या ओतातून सरकतं, हा तपशील फक्त तिथे राहणाऱ्यांकडे असतो. शामरावनगरसारख्या काळ्या जमिनीच्या भागात तर नदी शांत असतानाही नुसत्या पावसाचं पाणी आठवडाभर हलत नाही. त्या पाण्याला पूररेषा नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: सह्यांच्या अर्जाआधी तुमच्या कॉलनीची पाण्याची वही करा. साधी दोनशे पानी वही पुरे. घरटी एक पान. त्यावर घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक, आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षांसाठी: आयर्विनला किती फूट असताना गल्लीत पाणी आलं, किती असताना उंबऱ्याला लागलं, कोणत्या बाजूने आलं (नदीकडून, नाल्यातून, गटारीतून, संडासातून), जोत्यापासून भिंतीवर किती उंच चढलं, किती दिवस राहिलं. शेवटचा प्रश्न मात्र विसरू नका: तुम्ही कोणत्या रस्त्याने बाहेर पडलात आणि कुठे गेलात?

हा शेवटचा प्रश्न आराखड्यासाठी सोन्यासारखा आहे. त्यातून कळतं की कोणता रस्ता आधी बुडतो आणि कोणता शेवटपर्यंत उघडा राहतो. जो रस्ता शेवटपर्यंत उघडा राहतो तो रुंद करायचा, त्यावर दुकानांची गर्दी वाढू द्यायची नाही. लोक ज्या शाळेत, ज्या मंगल कार्यालयात गेले, तिथे आजूबाजूला जागा राखायची, म्हणजे पुढच्या पुरात निवारा, दवाखाना, पाण्याचे टँकर उभे राहतील. जनावरांचं तर कुणीच नकाशावर धरत नाही. गावभागात आणि नदीकाठच्या मळीच्या कडेला अजून गोठे आहेत. म्हैस सोडून यायला तयार नसलेली माणसं पाण्यात अडकतात, हे सांगलीने पाहिलं आहे. उंचावर गुरांसाठी पाच-सात एकर मोकळी जागा राखून ठेवणं हे विकास योजनेत बसतं. फक्त ते कुणीतरी मागायला हवं.

भिंतीवरच्या खुणांचं मात्र तातडीने करा. २०१९ ची मातकट रेघ कितीतरी घरांवर दिवाळीच्या रंगात पुसली गेली, २०२१ ची पुसली जाते आहे. जिथे दिसते तिथे तिच्याशेजारी टेप धरून फोटो घ्या, फोटोत घराचा क्रमांक येऊ द्या. देवळाच्या पायऱ्या, शाळेची फाटकं, विजेचे खांब यांवरच्या खुणा तर सगळ्यात विश्वासाच्या, कारण त्या कुणाच्या मालकीच्या नसतात.

इथे एक अवघड गोष्ट आहे, आणि ती टाळून चालणार नाही. कॉलनीत वही फिरवाल तेव्हा काही जण दार लावून घेतील. “आमच्याकडं पाणीबिणी काही येत नाही,” म्हणतील, आणि तुम्ही त्यांनाच छतावर बसलेलं पाहिलेलं असेल. ते खोटारडे नाहीत. आयुष्यभराची कमाई त्या गुंठ्यात घातली आहे. नकाशावर पूरग्रस्त म्हणून खूण झाली तर घराची किंमत पडेल, बँक कर्ज देणार नाही, मजला चढवायला परवानगी मिळणार नाही, ही धास्ती खरी आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. मी दोन गोष्टी सांगत असे. एक, पूररेषा लोकांना विचारून ठरत नाही. तुम्ही लपवलं तरी ती यायची ती येणारच. दुसरी, तुम्ही लपवल्यामुळे जातं ते तुमच्या हक्काचं: नाल्याच्या तोंडाला झडप, पंपाची जागा, वरचा रस्ता, निवारा. एवढं करूनही एखादा नको म्हणाला तर त्याचं पान कोरं ठेवा. शेजारच्या चार घरांचे आकडे मिळाले की त्याचा आकडा आपोआप कळतो, त्याच्या तोंडून वदवायची गरज नाही.

आता गुंठेवारी. सांगली-मिरज-कुपवाड या एकाच महापालिकेतल्या तीन शहरांच्या आराखड्याबद्दल बोलायचं आणि गुंठेवारीला बगल द्यायची, हे शक्य नाही. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकऱ्याने शेत तुकड्यांत विकलं, हमालाने, गवंड्याने, यंत्रमाग कामगाराने साठेखतावर घेतलं, आणि दहा-बारा फुटांच्या गल्ल्यांची वस्ती उभी राहिली. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही नियमिततेची वाट मिळाली. घर नियमित होतं. पण त्यातून मैदान निर्माण होत नाही, ओत परत उघडत नाही. आराखड्यात या वस्त्या बहुधा एकसारख्या पिवळ्या रंगात रंगतात, पिवळा म्हणजे निवासी, आणि विषय संपतो. रस्ता रुंदीकरणाची रेघ मारली तर शंभर घरं जातात. नाही मारली तर अग्निशमनाचा बंब आत जात नाही.

या पेचाला मी स्वतः पाहिलेलं एकच उत्तर चाललं आहे: गल्लीने गल्लीचं ठरवणं. सगळ्या गल्ल्या रुंद करायची गरज नसते. बंब, रुग्णवाहिका आणि घंटागाडी यांना आत येऊन बाहेर पडायला एक फेरीचा मार्ग लागतो. वस्तीतल्या लोकांना कागदावर वस्ती काढून द्या आणि विचारा, कोणत्या दोन गल्ल्या जोडल्या तर गाडी मागे न घेता बाहेर पडेल? एका वस्तीत लोकांनी अर्ध्या तासात अशी फेरी दाखवली जिच्यात तीन जिने आणि एक पडकी भिंत एवढंच जात होतं. माझ्या रेघेत अठ्ठावीस घरं जात होती. ती रेघ मी त्याच दिवशी खोडली.

कुणाला विचारायचं, हेही सांगतो, कारण सभा बोलावली की तेच ते पंधरा जण येतात. घंटागाडीवरचे कामगार शहराची प्रत्येक गल्ली रोज चालतात. कुठे गाडी अडते, कुठे वळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. आशाताईंना घराघरातली आजारपणं आणि साठलेली डबकी माहीत असतात. महावितरणचा लाइनमन पुरात कोणता डीपी आधी बंद करावा लागतो ते सांगेल. रिक्षा स्टँडवर अर्धा तास बसा, शहरातल्या कोंडीचा नकाशा तोंडी मिळेल. बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी तीनच्या सुमाराला, आणि त्या बैठकीत माझ्यासारखे लोक नकोत. पुरुषांच्या सभेत पार्किंगचा विषय निघतो. बायकांच्या बैठकीत स्वच्छतागृह, दिवे नसलेला बोळ आणि पाळणाघर निघतं. शेतमजूर, गवंडी यांची सभा संध्याकाळी सातनंतरच. जागा म्हणून तालीम, समाजमंदिर, गणपती मंडळाचा मांडव; महापालिकेच्या सभागृहात माणूस पायरीवरच अवघडतो.

विद्यमान जमीन वापरात आणखी एक गफलत नेहमी होते. पाहणी करणारा दाराबाहेर उभा राहून घर पाहतो आणि ‘निवासी’ लिहितो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. वर संसार, खाली कारखाना; भोपळे सुकतात, लाकूड कापतात, पॉलिश चढतं, आणि तिथून तानपुरा देशभर जातो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण नकाशावर ती गल्ली नुसती पिवळी असेल तर उद्या तिथे लाकूड उतरवायला गाडी थांबवण्याचीही सोय मागता येणार नाही. मिरजेच्या दवाखान्यांभोवतीही तसंच. १८९४ पासूनच्या मिशन हॉस्पिटलमुळे या गावाला रुग्ण येत राहिले, सोलापुरापासून कर्नाटकापर्यंतचे. त्यांच्याबरोबर आलेले नातेवाईक रात्री कुठे झोपतात, डबा कुठे करतात, हा जमिनीच्या वापराचाच प्रश्न आहे. धर्मशाळेसाठी आरक्षण मागितलेला अर्ज मी अख्ख्या नोकरीत दोनदा पाहिला. दोन्ही वेळा तो एखाद्या नगरसेवकाने नव्हे, चहाच्या टपरीवाल्याने दिला होता.

हद्दीबाहेरही बघा. हरिपूर महापालिकेत नाही, पण कृष्णा-वारणेचा संगम तिथे आहे, आणि हळद साठवायची जमिनीखालची जुनी पेवं तिथेच होती. २००५ च्या पुराने त्यांतली कितीतरी निकामी केली. पाणी ग्रामपंचायतीची हद्द पाहून थांबत नाही. तुमच्या वहीत शेजारच्या गावाची चार पानं असू द्या.

हे सगळं कोणाकडे द्यायचं? इरादा जाहीर झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते, आणि त्याही वेळी सूचना-हरकती मागवलेल्या असतात. बहुतेकांना ती सूचना म्हणजे निव्वळ हद्दीचा कारभार वाटतो. त्याच मुदतीत तुमची वही, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडून महापालिका आयुक्त आणि विकास योजनेचं काम करणारे नगररचना अधिकारी, दोघांनाही द्या, पोच घ्या. पाहणीचं पथक तुमच्या भागात कधी येणार ते विचारा आणि त्या दिवशी चार माणसं त्यांच्याबरोबर चाला. माझ्या अनुभवात पाहणीवरची तरुण मुलं अशा सोबतीला कधीच नाही म्हणत नाहीत. उन्हात अनोळखी गल्ल्या मोजताना कुणी ‘इथला ओत बुजवलाय बरं का’ असं सांगितलं तर ती वाकून लिहून घेतात.

तरीही प्रारूप येईल तेव्हा हरकत द्यावी लागेलच. त्याबद्दल थोडं. एका अर्जात एकच विषय. भाग नकाशाचा क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते पहिल्या दोन ओळींत. एकाच झेरॉक्सवर दोनशे सह्या आल्या की समितीसमोर ती एक हरकत असते. त्याऐवजी वीस घरांनी आपापल्या घराचे आकडे घालून वीस अर्ज दिले तर वीस बाजूंनी तीच गोष्ट समोर येते. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज वाचून पुढे करण्यासारखं काही उरत नाही. पर्याय लिहा. तो अपुरा असला तरी चालेल.

आणि एक काम, जे जवळजवळ कुणीच करत नाही. सुनावणीला कोण येतं? ज्याच्या जमिनीवर मैदान पडलं तो येतो, वकील घेऊन येतो, आणि ते स्वाभाविक आहे. त्याचं सगळंच पणाला लागलेलं असतं. ज्यांची पोरं त्या मैदानावर खेळणार ती पाचशे कुटुंबं येत नाहीत. समितीसमोर दिवसभर फक्त ‘आरक्षण उठवा’ हेच ऐकू येतं, आणि संध्याकाळपर्यंत वाटू लागतं की शहराला मैदानं नकोच आहेत. म्हणून समर्थनाचा अर्ज द्या. “आरक्षण क्रमांक अमुक कायम ठेवावं, आमच्या भागात दुसरी मोकळी जागा नाही, शाळेतली अमुक मुलं आज रस्त्यावर खेळतात.” असा एक कागद फाइलमध्ये असला तर आरक्षण उठवताना समितीला त्याचं उत्तर लिहावं लागतं. माझ्या डोळ्यांसमोर दोन बागा अशा वाचल्या आहेत.

जमीनमालकाचं दुःखही खोटं नाही, हे त्याच अर्जात म्हणा. कलम १२७ प्रमाणे योजना लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. दहा-बारा वर्षं त्या माणसाला ना घर बांधता येतं ना जमीन रास्त भावाने विकता येते, आणि शेवटी गावालाही बाग मिळत नाही. म्हणून शहराला न झेपणारी आरक्षणं मागू नका. तुमच्या भागासाठी चार मागण्या असतील तर त्या क्रमाने लावून द्या: पहिल्या पाच वर्षांत हे, मग ते. मोबदला हस्तांतरणीय विकास हक्कात, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्कात, घ्यायला मालक तयार आहे का, काही भाग त्याला बांधू देऊन उरलेला महापालिकेला मिळेल का, हे त्याच्या ओसरीवर बसून आधी विचारलं तर पुष्कळदा वाट निघते. सुनावणीच्या पाच मिनिटांत ती निघत नाही.

सुनावणी संपली की लोक विसरून जातात. तसं करू नका. शासन मंजुरी देताना काही बदल सुचवलेला भाग वगळून उरलेली योजना मंजूर करतं आणि वगळलेल्या भागासाठी पुन्हा हरकती मागवतं. तुमचं मैदान त्या वगळलेल्या भागात गेलं असेल तर वही पुन्हा बाहेर काढावी लागेल. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात, त्यांच्या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येतात. कॉलनीतल्या एका निवृत्त माणसाकडे हे काम सोपवा. रोज दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी पाहिलं आहे की निवृत्त शिक्षक ते अतिशय निष्ठेने करतात.

लोकसंख्येचं, एका वाक्यात: २०११ च्या जनगणनेत तिन्ही शहरं मिळून पाच लाखांवर माणसं होती आणि त्यानंतरची मोजणी २०२१ ला झाली नाही, तेव्हा अंदाजाच्या आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा तुमच्या भागातली नळजोडण्यांची आणि शाळांच्या पटाची संख्या जोडा.

आत्ता, इरादा जाहीर व्हायच्या आधीच, एक काम करता येण्यासारखं आहे. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून तुमच्या भागाचा जुना गाव नकाशा मिळवा, ज्या काळात तिथे शेतं होती तेव्हाचा. त्यावर ओढे-नाले काढलेले असतात. तो घेऊन पावसाच्या दिवशी कॉलनीत फिरा, सोबत एखादे सत्तरीच्या पुढचे आजोबा घ्या, आणि नकाशावरच्या नाल्यावर आज काय उभं आहे ते प्रत्येक वळणावर पेन्सिलीने लिहा. वहीचं पहिलं पान तेच.